नागलीच्या प्लॉटवरच्या चिंध्या

मला पत्रक लिहिता येतं. दुसरं काही धड येत नाही, पण पत्रक येतं. वर ठळक अक्षरात मागणी, खाली मुद्दे, शेवटी उद्गारचिन्ह. कॉलेजात आल्यापासून हेच केलं. होस्टेलचं पाणी, मेसची कच्ची पोळी, प्रक्षेत्रावर जाणारी बंद पडलेली बस. त्यामुळे आताही हात त्याच वळणावर जातो, प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी अंगावर सोडावंसं वाटतं. पण ज्यांना जाब विचारायचा त्यांच्यात या वेळी मीही उभी आहे. स्वतःच्या विरोधात पत्रक कसं काढतात, ते मला कुणी शिकवलं नाही.

आमचं कृषी महाविद्यालय नाशिकच्या कडेला. म्हणजे होतं कडेला. आता शहर कुंपणाला येऊन टेकलंय. पलीकडच्या द्राक्षबागा गेल्या आणि तिथे बाराव्या मजल्याच्या सळया दिसतात. मी घोटीकडची. आमच्याकडे भात. नागली, म्हणजे नाचणी, हे डोंगरावरच्यांचं खाणं, असं आमच्या घरात नाक वर करून म्हणायचे. मीही म्हटलं असेल.

वनस्पतीशास्त्र विभागाच्या मागे एक उतार होता. सहा-सात गुंठ्यांचा, मुरमाड, कॉलेजच्या कुठल्याच फोटोत न येणारा. तिथे दर पावसाळ्यात नागलीच्या तीसेक ओळी लागायच्या आणि प्रत्येक ओळीत वेगळं वाण. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या पाड्यांवरून कधीकाळी एका प्राध्यापकाने ते गोळा केलेलं. ते निवृत्त झाले, प्लॉट राहिला. त्याचा अभ्यास कुणी करत नव्हतं, ते फक्त चालू ठेवायचं होतं. दरवर्षी पेरायचं, रोप लावायचं, कणसं खुडायची, बी परत गाडग्यात. बस, एवढंच. त्यातली बरीच वाणं आता त्यांच्या स्वतःच्या गावातही उरलेली नाहीत.

हे चालू ठेवणारी होती मावशी. सगळे तिला मावशीच म्हणत. सुरगाण्याच्या वरच्या अंगाची. नवरा गेल्यावर तरुणपणी जीपमध्ये बसून द्राक्षं खुडायला नाशकात आली आणि पुढे कॉलेजच्या रोजंदारीवर लागली. त्या प्राध्यापकाबरोबर पाड्यापाड्यांवर हीच फिरली होती, कारण त्यांना तिथली बोली येत नव्हती आणि बायका परक्या माणसाला बी देत नाहीत. बायकांनी मावशीला बी दिलं ते लुगड्याच्या तुकड्यात बांधून. मावशीने त्या प्रत्येक तुकड्याची एक पट्टी फाडून ठेवली. तेच तिचं रजिस्टर. तिला वाचता येत नव्हतं.

पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला गेले तेव्हा मी एका खुंटीवरची पट्टी सहज ओढून बघितली.

"हात नको लावू," मावशी ओरडली. "तुझी ओढणी ओढली कुणी मंग?"

मग तिनेच समजावलं. रंगावरून गाव. गाठींवरून मुदत. एक गाठ म्हणजे हळवी, लवकर येणारी. दोन गाठी निमगरवी. तीन गाठी गरवी, दिवाळीशिवाय न निघणारी. एका वाणाची एकच चिंधी. लावणीच्या वेळी ती गाडग्याच्या गळ्यातून सुटून ओळीच्या खुंटीला जाते, कापणीला खुंटीवरून पेंढीला, मळणीनंतर परत गाडग्याला.

"चिंधी जिकडं, बी तिकडं," ती म्हणाली. "दोन केल्या तर दोघी भांडतील, मीच खरी म्हणून."

हिरव्या रंगाची, तीन गाठींची एक पट्टी तिच्या आईच्या लुगड्याची होती. आई गेली. गावात आता ती नागली कुणी लावत नाही. मी विचारलं होतं, मग तू घरीच का नाही ठेवलीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला शेतीतलं काही कळतच नाही.

"घरात उंदीर हाय. सून हाय, ती एक दिवस दळून टाकील. कालेज म्हंजे पक्कं. इथं कोण दळतंय?"

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात प्रशासकीय इमारतीच्या भिंतीवर बृहत् आराखडा लागला. रंगीत, काचेच्या चौकटीत. त्यात झाडं म्हणजे एकसारखे हिरवे गोळे आणि माणसं सगळी बॅगा घेतलेली. प्रवेशक्षमता दुप्पट होणार, नवे अभ्यासक्रम येणार, सभागृह होणार. नागलीच्या उतारावर राखाडी चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं: वाहनतळ.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. मी आणि माझा एक वर्गमित्र, सटाण्याकडचा, माझ्या सगळ्या आंदोलनांचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग मी.

"तुम्हाला कॉलेजची वाढ नको आहे का?" प्राचार्यांनी विचारलं.

"वाढ म्हणजे गाड्या लावायची जागा का सर?"

"सभागृहाला वाहनतळ दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. तुम्ही नियम वाचा जरा."

"कृषी महाविद्यालयाला पिकाची जागा दाखवल्याशिवाय मिळते का?"

त्यांनी चष्मा काढला. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, एवढं मला आता कळतं. त्यांच्याकडे आराखडा होता, मुदत होती आणि मी त्यांची त्या दिवशीची पाचवी कटकट होते. पण तेव्हा मी बाहेर येऊन त्याच दुपारी पत्रक लिहिलं. 'वाढ कोणाची?' असं वर मोठ्या अक्षरात. मित्राने ते वाचलं आणि तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भारी शे. पण तुनं पत्रक कोण वाचस? मेसवाला त्यामा भजी बांधस."

विभागात प्लॉटची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते सर निवृत्तीला आलेले. त्यांना म्हटलं, तुम्ही एक पत्र द्या. ते हसले. "तुम्ही पत्रकं काढा, मी पेन्शन काढतो."

तरी आम्ही हटलो नाही. पोरं जमवली, कार्यालयापुढे बसलो, नागलीच्या भाकरी भाजून आणल्या आणि वाटल्या. मागणी एकच होती: निर्णयाआधी तज्ज्ञांनी प्लॉटची पाहणी करावी. आणि ती मान्य झाली! पाऊस लागून महिना झाला असेल. विद्यापीठाची तीन जणांची समिती येणार, प्लॉट बघणार आणि तो महत्त्वाचा वाटला तर वाहनतळ दुसरीकडे सरकवणार. मी होस्टेलच्या जिन्यात नाचले होते. आयुष्यात पहिल्यांदा एखादी मागणी शब्दशः मान्य झाली होती.

आता जे सांगायचं ते सरळ सांगते.

कृषी महाविद्यालयात पाहणी आली की काय करायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं असतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. वाटेच्या कडेला पांढरे दगड. प्लॉटवर रंगवलेल्या पाट्या, सगळ्या एका उंचीच्या, एका रेषेत. परीक्षेपेक्षा जास्त मनापासून आम्ही हे करतो. समितीचा माणूस पीक बघत नाही, पाटी बघतो, असं आमचे सीनियर सांगायचे आणि आम्ही ज्युनियरना सांगायचो. ज्या व्यवस्थेच्या नावाने मी बोंबलत होते, तिचं एवढं एक काम मी हौसेने शिकले होते.

मावशी तेव्हा नव्हती. प्लॉटची लावणी उरकून ती दिराच्या भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावाला गेली होती. आम्ही दहाबारा जण उतारावर उतरलो. तण काढलं, दगड रंगवले. नागली गुडघ्याच्याही खाली होती, सगळी हिरवी, सगळी सारखी. आणि ओळीओळीच्या तोंडाला मळक्या, भिजलेल्या, लोंबणाऱ्या चिंध्या.

"या चिंध्या कसाले शेतस आठे?" मित्राने विचारलं. "नजर लागू नये म्हणीसन?"

मला माहीत होतं. तिथे उभ्या असलेल्यांत एकटीला मला माहीत होतं. पण मी समितीच्या डोळ्यांनी बघत होते आणि मला लाज वाटली. दृष्ट काढून टाकलेल्या उताऱ्यासारखं काहीतरी दिसत होतं ते. आम्ही विज्ञानाच्या नावाने प्लॉट वाचवायला निघालो होतो आणि इथे कुणीतरी लिंबू-मिरची बांधल्यासारखं.

"मावशीच्या खुणा आहेत," मी म्हणाले. "काढा. रजिस्टरमध्ये सगळं आहे."

सरांकडून रजिस्टर आणलं. एक ते बत्तीस, प्रत्येकापुढे गाव, वाण, मुदत. सुंदर अक्षर, त्या जुन्या प्राध्यापकांचं. आम्ही पाट्या रंगवल्या आणि उतारावर डावीकडून उजवीकडे रोवल्या. बियांची खोलीही झाडून काढली. फळीवर गाडगी वाकडीतिकडी, मध्ये मध्ये फट ठेवून मांडलेली. ती आम्ही उतरवली, पुसली आणि लहानमोठी बघून नीट ओळीत लावली. संध्याकाळी लांबून प्लॉट बघितला. फोटो काढला. खरंच छान दिसत होता. एखाद्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत शोभेल असा.

मावशी पाहणीच्या दिवशी सकाळी आली. पिशवी खांद्यावरच. वाटेवर थांबली, पांढरे दगड बघितले, पाट्या बघितल्या. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेली. परत आली.

"कुणी काढलं?"

"आम्ही. मावशी, समिती येणार म्हणून... पाट्या आहेत ना आता, रजिस्टरप्रमाणे."

"तू व्हतीस?"

"होते."

ती बांधावर बसली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग रस्त्याकडे बोट करून म्हणाली, "खालचा रस्ता केला तवा पयल्या नऊ वळी तिकडच्या टोकाला नेल्या. तुझ्या पुस्तकात हाय का ते?"

नव्हतं. रस्ता आमच्या आधीचा. प्लॉटची एक बाजू कापून तो काढला होता, तेव्हाही कॉलेजची वाढच चालली होती. त्या वर्षी नऊ ओळी दुसऱ्या टोकाला गेल्या, पुढे मावशीने सोयीने आणखी काही हलवल्या. चिंधी बरोबर जात होती म्हणून कधी काही बिघडलं नाही. सर रजिस्टर दुरुस्त करणार होते. राहून गेलं. आमच्या पाट्या पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोलत होत्या.

"आणि गाडगी?" तिने विचारलं. ती उठून खोलीत गेली. फळीपुढे उभी राहिली, आमची ती सुरेख रांग बघत. लावणीनंतर चिंध्या खुंट्यांवर असतात, तेव्हा उरलेलं बी तिला फळीवरच्या जागेवरून ओळखू येतं. मध्ये मध्ये ठेवलेल्या त्या फटी उगाच नव्हत्या.

"चिंध्या तरी कुठं हायेत?"

रंगाचे ब्रश पुसायला आम्ही त्याच वापरल्या होत्या. उरलेल्या चिंध्या कचऱ्याबरोबर पेटवल्या.

समिती अकरा वाजता आली. त्यातले एक वयस्क शास्त्रज्ञ थेट प्लॉटमध्ये शिरले, उकिडवे बसले आणि नागलीचं पेर अंगठ्याने दाबून बघितलं. रजिस्टर मागितलं.

"इथे लिहिलंय जांभळ्या पेरांची. ही तर हिरवी आहे."

पुढच्या पाटीशी गेले. तिथेही जुळेना. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी रजिस्टर मिटलं. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, रस्ता, ओळी, चिंध्या. माझा आवाज पत्रकासारखाच येत होता, उद्गारचिन्हांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि मावशीकडे वळले.

"बाई, तुम्हाला ओळखता येतील?"

ती हो म्हणाली असती तर? कुणाला कळणार होतं? पण ती मावशी.

"आत्ता नाय साहेब. कोणती वळ कुठं ते चिंधी सांगायची, मी नाय ध्यानात ठेवलं. कणसं निघू द्या. कुणाची मूठ मिटलेली, कुणाची बोटं उघडी. दसऱ्यापर्यंत थांबा, एकेक सांगते."

"अहवाल या आठवड्यात द्यायचाय हो," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन, हळू आवाजात, "मुली, मी तुमच्या बाजूने लिहायला आलो होतो. पण काय आहे तेच सांगता येत नसेल, तर वाचवा म्हणून काय लिहू?"

अहवालात प्लॉटबद्दल एकच वाक्य होतं. नमुन्यांची ओळख पटत नाही. प्राचार्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. त्यांनी पुढचा कागद उचलला.

आम्ही दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. फक्त एक खरीप, तोही निम्मा झालेला. सर्व काही केलं, पत्रक, निवेदन, पुन्हा कार्यालयापुढे बसणं. या वेळी बसलेले चौघेच होते. भूमिपूजनाचा मुहूर्त गणपतीच्या आधीचा निघाला. नारळ फुटला आणि जेसीबी खाली उतरला. त्याआधी नागली कापून घेतली होती, वाया जाऊ नये म्हणून. पोटरीत आलेली, कणसं अजून बाहेर न पडलेली, हिरवी. कॉलेजच्या गोठ्यातल्या गाईंनी दोन दिवस खाल्ली.

प्लॉट नाही म्हटल्यावर मावशीचं कामही नाही. ती सुरगाण्याला निघाली तेव्हा मी गाडगी पुढे केली. त्यात उरलेलं बी होतं, मूठमूठभर.

"नाव नसलेलं बी मी काय करू?" ती म्हणाली. "तू ठेव. तू काढलं ना नाव."

टोमणा नव्हता तो. तिने हिशेबाने, ज्याचं काम त्याला दिल्यासारखं सांगितलं. बी मी प्लॅस्टिकच्या डब्यांत भरलं. खोली रिकामी करताना रंगाच्या रिकाम्या डब्यात एक चिंधी सापडली, पांढऱ्या ऑइल पेंटने कडक झालेली. तीन गाठी! मी टर्पेंटाइन आणून ती रात्रभर भिजवली. रंग निघाला. त्याबरोबर लुगड्याचाही निघाला. गाठी तेवढ्या राहिल्या.

नागलीचं बी वर्षानुवर्षं टिकतं, हीच काय ती दया. पुढच्या पावसाळ्यात मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरली आणि होस्टेलच्या गॅलरीत प्रत्येक वाणाची चार रोपं लावली. मुली म्हणायच्या, तुझी शेती बघायला समिती कधी येणार? चिमण्यांनी बरीच खाल्ली. उरलेल्यांना कणसं आली, बारकी, आजारी पोराच्या बोटांसारखी. ती मी कागदात गुंडाळली, प्रत्येकावर डब्याची खूण, आणि बियांच्या डब्यांची पिशवी घेऊन एसटी धरली, पुढे जीप.

मावशी अंगणात होती. कागद एकेक उघडून तिने उन्हात धरले. बाकीचे बाजूला सारले. तीन ठेवले. तिघांचीही मूठ थोडी मिटलेली.

"आईची ह्यातलीच एक. पण कोणची, सांगता येत नाय. डब्यात वाढली, मूठच धरली नाय नीट. रानात लाव, मंग सांगते."

"कुठल्या रानात, मावशी?"

तिचा दीर तिथेच पाइपांचं वेटोळं करत होता. घरामागचा उतार त्याच्या नावावर. आधी तिथे नागली असायची, आता पावसाळा सरता सरता स्ट्रॉबेरी लागते, पाण्याच्या नळ्या, काळा प्लॅस्टिक कागद. मावशीने त्याच्याकडे पुढच्या पावसाळ्यासाठी एक कोपरा मागितला. तीनच ओळींचा. माणूस वाईट नव्हता, त्याने विचार केला.

"हळवी का गरवी?"

मावशीने कणसं तळहातावर घेतली. तो म्हणाला, "हळवी असंल तर लावा. स्ट्रॉबेरीच्या आधी निघंल. गरवी नाय जमायची. ती दिवाळीपर्यंत रान अडवते."

"हळवी आहे," मी म्हणाले. पटकन. एवढी वर्षं भिंतींवर खरं चिकटवत फिरले आणि तिथे एका क्षणात खोटं बोलले. मला त्याची लाजही वाटली नाही.

"गरवी हाय," मावशी म्हणाली.

दीर आमच्या दोघींकडे बघून पुन्हा पाइपाला लागला. मी तिला बाजूला ओढलं. "मावशी, एकदा लागू तर दे. मग बघू."

"आणि मंग? नळ्या आल्या की तो हिरवी कापंल. त्याचा काय दोष? त्याला हळवी सांगितली." तिने कणसं कागदात परत गुंडाळली. "एकदा कापली ना पोरी हिरवी. परत नाय बघवत."

मी पिशवीतून चिंधी काढून तिला दिली. पांढुरकी, ताठ, तीन गाठींची. तिच्या आईची असेल कदाचित. त्या प्लॉटवर तीन गाठींच्या बऱ्याच होत्या. तिने गाठी बोटाने चाचपल्या, वास घेतला. टर्पेंटाइनचाच आला असणार. मग ती चिंधी डब्यांच्या पिशवीत टाकली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"बी तुझ्याकडं, तर चिंधी पण तुझ्याकडं," ती म्हणाली. "जा, जीप जाईल."

वाहनतळ झालाय. सभागृहात कार्यक्रम असतो तेव्हा भरतो, एरवी रिकामाच. डबे माझ्या खोलीत टेबलाखाली आहेत. त्यातले तीन मी वेगळे काढून ठेवलेत. चिंधी त्यांच्यातल्या कुठल्या डब्याला बांधायची ते मला माहीत नाही, म्हणून ती तिन्ही डब्यांच्या वर नुसती ठेवली आहे.